चित्रांतले प्राणी आणि त्यांची घरची नावे

दिल्लीच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील गली कासिमजान येथे राहणाऱ्या मिर्झा गालिबला आपण शायर म्हणून ओळखतो. परंतु १८५६ साली, म्हणजे त्या शहरावर सत्तावन्नचा अनर्थ कोसळण्याच्या अवघे वर्षभर आधी, त्याने सिद्ध केलेल्या एका चिमुकल्या पुस्तकाकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा गेलेले नाही. ‘कादिरनामा’ हे त्याचे नाव. पत्नीचा भाचा आरिफ ऐन तारुण्यात निवर्तल्यावर त्याचे दोन मुलगे गालिबच्या छत्राखाली वाढले, आणि त्यांच्या कोवळ्या जिभेवर फार्सी शब्द सहज बसावेत म्हणून ही पद्यमय शब्दावली रचली गेली, असे परंपरा सांगते. तीत मुंगूस आहे, मोर आहे, चकोर आहे. मुलाच्या तोंडी असलेले देशी नाव एका बाजूला आणि दरबारात चालणारे फार्सी नाव दुसऱ्या बाजूला ठेवून दोहोंमध्ये यमकाचा दुवा सांधला आहे. ज्याच्या गझलांचा अर्थ लावताना विद्वानांचीही दमछाक होते, त्याने दोन पोरांसाठी मुंगसाचे फार्सी नाव छंदात बांधावे, ही गोष्ट मला त्याच्या कोणत्याही प्रसिद्ध शेराइतकीच हृद्य वाटते.

हा प्रघात गालिबने निर्माण केला नव्हता. त्याच्यापूर्वी कित्येक पिढ्या उत्तर हिंदुस्थानातील मकतबांत ‘खालिकबारी’ नावाची अरबी, फार्सी आणि हिंदवी शब्दांची पद्यमालिका मुलांकडून घोकून घेतली जात असे. परंपरेने ती अमीर खुसरोच्या नावावर मोडत असली, तरी काही संशोधक तिची रचना जहांगिराच्या अमदानीतील मानतात. आपल्याकडील पाठशाळांत हेच काम अमरकोशाने केले. त्याच्या द्वितीय कांडातील सिंहादिवर्ग म्हणजे सिंहापासून कोळ्यापर्यंत आणि विंचवापासून राजहंसापर्यंत प्राणिमात्रांच्या नावांचे एक भांडारच असून, सिंह ज्याने जन्मात कधी पाहिला नाही आणि पुढे कधी पाहण्याचा संभवही नाही असा कोकणातला बटूदेखील सिंहाची सगळी नामावळी एका दमात म्हणून दाखवीत असे. या सर्व ग्रंथांत दोन गोष्टी समान आहेत. एक म्हणजे, त्यांत चित्र नाही. नाव कानावाटे येते आणि स्मरणात जाऊन बसते. दुसरी, जी अधिक महत्त्वाची, ती अशी की त्यांतील शब्दांचा प्रवास नेहमी एकाच दिशेने होतो: घरच्या भाषेकडून राजभाषेकडे, अंगणातून दरबाराकडे. मुलाच्या तोंडचे मुंगसाचे नाव पुस्तकात येते खरे. परंतु ते पायरी म्हणून येते, आणि पायरी ओलांडून मूल वर गेले म्हणजे तिचे प्रयोजन संपते.

चित्राची भर घातली ती मोराविया प्रांतातील कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञाने. १६५८ साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ऑर्बिस पिक्टुस’ या ग्रंथाकडे लहान मुलांच्या सचित्र पुस्तकांचा आदिपुरुष म्हणून पाहिले जाते, आणि हा आदिपुरुष जन्मतःच द्विभाषिक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाकडी ठशाचे चित्र, चित्रातील वस्तूंवर बारीक अंक, आणि खाली दोन स्तंभांत लॅटिन व जर्मन मजकूर, ज्यातील शब्दांशी तेच अंक जोडलेले, अशी त्याची मांडणी. मुलाने बोट चित्रातील अंकावर ठेवावे आणि तेथून ते खालच्या दोन शब्दांवर आणावे. अक्षरओळखीचे पान तर मुख्यतः प्राण्यांच्या आवाजांवर उभे आहे: कावळा, कोकरू, मांजर, अस्वल यांच्या मुखांतून एकेक ध्वनी निघतो आणि त्या ध्वनीचे अक्षर समोर छापलेले असते. १६६६ पर्यंत या ग्रंथाची चार भाषांतील आवृत्तीही निघाली. साडेतीनशे वर्षांनंतरही बहुभाषिक चित्रपुस्तकाची घडण मूलतः हीच राहिली आहे: प्राणी एक, त्याच्या खाली ओळी अनेक.

आता आपण पुन्हा दिल्लीस येऊ. १९५७ हे वर्ष या शहराच्या बालवाङ्‌मयाच्या इतिहासात विशेष होय, कारण त्याच एका वर्षात येथे दोन संस्था उभ्या राहिल्या. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली, जिचे ठाणे पुढे बहादूरशाह जफर मार्गावरील नेहरू हाउसमध्ये स्थिरावले. आणि भारत सरकारने नॅशनल बुक ट्रस्ट अर्थात राष्ट्रीय पुस्तक न्यास स्थापन केला. न्यासाच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतील पातळ, मोठ्या आकाराची, अल्पमोली पुस्तके मराठी घरांतूनही पोचली. मिकी पटेल यांचे ‘रूपा हत्तीण’ ज्याने लहानपणी हाताळले असेल त्याला प्राणिसंग्रहालयातील ती हत्तीण, स्वतःच्या करड्या रंगावर रुसलेली, अद्याप आठवत असेल; आणि ते पुस्तक एकाच वेळी हिंदी, तमिळ, बंगाली मुलांच्या हातीही होते, ही जाणीव त्या वयात कोणाला असणार! मूल आपल्या भाषेतील पुस्तक आपलेच समजते, आणि तसे त्याने समजावे हेच त्या मालेचे यश होते.

एवढ्या भाषांत एवढी स्वस्त पुस्तके निघण्यामागे छपाईचा एक हिशेब आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन नीट उमगणार नाही. रंगीत चित्र चार शायांनी छापले जाते: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईची प्लेट निराळी. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवला, तर पहिल्या तीन प्लेटा सर्व भाषांना समाईक राहतात. भाषा बदलली की फक्त काळी प्लेट बदलावयाची. रंगीत छपाईतला मोठा खर्च यंत्राची जुळवाजुळव आणि प्लेटा यांचा असल्यामुळे, एकाच वेळी अनेक भाषांच्या प्रती काढल्या म्हणजे दर प्रतीची किंमत झपाट्याने उतरते. दहा हजार मराठी वाचक ज्या पुस्तकाला मिळाले नसते, ते पुस्तक इतर भाषांच्या खांद्यावर बसून मराठीत येते. म्हणूनच चित्रपुस्तकाचा जाणता मांडणीकार रंगीत पाटीवर रंगीत अक्षरे लिहीत नाही आणि चित्राच्या आत, दुकानाच्या फलकावर वगैरे, शब्द कोरीत नाही. कारण तो शब्द भाषेबरोबर बदलता येत नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत येणारी, अस्वलांनी आणि कोल्ह्यांनी भरलेली गुळगुळीत कागदाची पुस्तके आपल्याला कवडीमोलाने मिळत, त्यामागे सरकारी औदार्याइतकाच हा समाईक प्लेटांचा व्यवहारही होता.

परंतु या हिशेबाची एक किंमत आहे. प्लेटा समाईक, म्हणून चित्र समाईक. चित्र समाईक, म्हणून प्राणीही समाईक. राजधानीत बसून निवडलेला प्राणी सगळ्या मुलखांत जातो आणि तेथील मुलाने त्याच्याशी नाते जोडावे अशी अपेक्षा असते. सिंह, जिराफ आणि झेब्रा हे तीन परमुलखातले प्राणी आपल्या बालपुस्तकांत इतके बोकाळले आहेत, की रानात वाढणाऱ्या मुलाला जे खवले मांजर ठाऊक असते, सायाळ ठाऊक असते, घोरपड आणि रानकोंबडा ठाऊक असतो, त्या ज्ञानाला पुस्तकात कोठे जागाच उरत नाही. शिवाय मूळ मजकूर इंग्रजी असला की भाषांतरात बिबट्याचा चित्ता होतो. जुन्नर तालुक्यातील उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला ही चूक तत्काळ कळते. ती गुरुजींना सांगते, गुरुजी पुस्तकाकडे बोट दाखवितात, आणि मुलगी गप्प बसते. मी या गप्प बसण्याला क्षुल्लक समजत नाही. जे आपण डोळ्यांनी पाहिले त्याहून छापलेले खरे, हा धडा तिला त्या क्षणी मिळतो, आणि तो पुसण्यास पुढे फार काळ लागतो.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाची स्थिती थोडी वेगळी, पण तीही विचार करण्यासारखी आहे. घरी आजीने आणलेल्या तक्त्यावर उ उंदराचा, तर शाळेतील तक्त्यावर उ उल्लूचा. म्हणजे घरी उंदीर आणि शाळेत घुबड, एकाच अक्षराच्या आश्रयाला. ख खटाऱ्याचा असतो आणि खरगोशाचाही. आईबापांना धास्ती वाटते की एका वस्तूला दोन-तीन नावे ऐकून मूल गोंधळेल, आणि मग पुष्कळ घरांत हिंदी व इंग्रजी ठेवून मराठीलाच रजा दिली जाते. ही धास्ती निराधार आहे, असे म्हणण्यास आता प्रयोगाचा आधार आहे. कॅनडातील व्हँकुव्हर येथे क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीड वर्षाच्या आसपासच्या बालकांना एक परिचित आणि एक अपरिचित वस्तू दाखवून नवा शब्द उच्चारला. एकभाषिक बालकांची नजर अपरिचित वस्तूकडे वळली, जणू ओळखीच्या वस्तूला दुसरे नाव असूच शकत नाही. द्विभाषिकांत ही प्रवृत्ती क्षीण होती आणि त्रिभाषिकांत ती आढळलीच नाही. दोन नावांत वाढणारे मूल गोंधळत नाही. एका प्राण्याला अनेक नावे असू शकतात, ही गोष्ट ते चालता-बोलता होण्याच्या वयातच गृहीत धरू लागते.

मात्र नाव म्हणजे केवळ चिठ्ठी नव्हे. मराठीत वाघ तो, गाय ती, आणि मांजर ते. दिल्लीतील मराठी घरांत मी ऐकतो ते हे की मुलांच्या बोलण्यातून सर्वांत आधी हरवते ते नपुंसकलिंग. हिंदीत ते नसल्यामुळे मांजर ‘ती’ होते, पाखरू ‘तो’ होते, आणि त्याबरोबर मराठीचे एक अत्यंत कोवळे दालन बंद पडते. कारण प्राण्यांच्या पिलांना आपली भाषा याच लिंगात हाक मारते: गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरिणीचे पाडस. शेतकऱ्याच्या मुलाला हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. द्वारकेच्या वा नोएडाच्या अकराव्या मजल्यावरील मुलाला ते पुस्तकावाचून मिळण्याचा मार्ग नाही. म्हणून अशा पुस्तकात चित्राखाली नुसते ‘कोकरू’ छापून भागणार नाही, तर ‘कोकरू मेंढीला बिलगले’ असे लहानसे का होईना, वाक्य हवे. क्रियापदाच्या शेपटीत लिंग असते, आणि तेच आधी गळते.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील क्री भाषेच्या पुस्तकांत, अधिकच ठळकपणे उभा राहिलेला दिसतो. क्री ही तेथील मूलनिवासींच्या भाषांपैकी सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषांतील एक. २०२१ च्या खानेसुमारीनुसार ती बोलू शकणारे ऐंशी ते नव्वद हजारांच्या दरम्यान आहेत. तिच्यात नामांचे दोन वर्ग: सजीव आणि निर्जीव. अस्वल म्हणजे मस्क्वा, कुत्रा अतिम, बीव्हर अमिस्क, ससा वापोस. हे सर्व सजीव वर्गातले, आणि सजीवाला ‘पाहणे’ याचे क्रियापद निर्जीवाला ‘पाहणे’ याच्या क्रियापदाहून भिन्न. नावांची यादी पाठ करून मूल क्री बोलू लागत नाही. अस्वलाला पाहताना कोणते क्रियापद वापरावे हे त्याला कळले पाहिजे. त्यात भर म्हणजे लिपीची. १८४० च्या सुमारास नॉर्वे हाउस येथे जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकाने प्रचारात आणलेली आणि क्री वृद्धांच्या परंपरेत मात्र आपल्याच एका पूर्वजास दिव्य देणगी म्हणून मिळालेली एक अक्षरमाला तेथे चालते, जिच्यात आकृतीवरून व्यंजन ओळखावयाचे आणि आकृतीचे तोंड कोणत्या दिशेस आहे यावरून स्वर. त्यामुळे मुलांच्या कित्येक पुस्तकांत एका अस्वलाखाली तीन ओळी दिसतात: क्री अक्षरांतली, रोमन लिपीतली क्री, आणि इंग्रजी. ज्यूली फ्लेट या क्री-मेती चित्रकर्तीची पुस्तके या प्रकारात नावाजली गेली आहेत. प्राण्यांच्या निमित्ताने क्रीमधील रंगनामे शिकविणारे तिचे पुस्तक पाहताना, पांढऱ्या पानावर एकटेच उभे असलेले काळे अस्वल किती कमी रेषांत उभे केले आहे, याचे कौतुक वाटते.

या पुस्तकांचे मोल तेथील गतकाल जाणल्याशिवाय कळत नाही. एका शतकाहून अधिक काळ कॅनडाच्या सरकारने मूलनिवासींच्या मुलांना घरांतून उचलून निवासी शाळांत ठेवले, जेथे मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. यांतील शेवटच्या शाळा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाल्या. सत्यशोधन व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला आणि मूलनिवासी भाषांचा कायदा २०१९ साली झाला. म्हणजे आज जी आजी नातवाला मांडीवर घेऊन अस्वलाचे पान उलगडते, तिलाच लहानपणी ते नाव उच्चारल्याबद्दल मार बसला असण्याचा संभव आहे. खालिकबारीतील शब्द ज्या दिशेने चालत, तिच्या नेमक्या उलट दिशेने येथे शब्द चालतो: राजभाषा मुलाला आधीच येते, आणि पुस्तक त्याला घराकडे आणते.

आपल्या देशात अशी शिक्षेची सक्तीची पद्धत राबविली गेली नाही, हे खरे. परंतु मौनाने केलेली हद्दपारी आपल्याकडेही आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. ही संख्या जगातील पुष्कळ सार्वभौम राष्ट्रांच्या लोकसंख्येहून मोठी आहे. तरीही गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि ती बोलणारा मुलूख महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांत विभागला गेल्यामुळे कोणत्याच राज्याच्या दप्तरी ती आपली म्हणून रुजू झालेली नाही. गोंड चित्रकलेचा मान मात्र मोठा. शिंगांतून झाडे फुटलेले हरीण, ठिपक्यांनी भरलेला वाघ, पोटात पक्षी वागविणारा मासा, हे दिल्लीच्या कलादालनांत, विमानतळांवर आणि उंची पुस्तकांत दिमाखाने विराजतात, आणि त्या पुस्तकांतील शब्द बहुधा इंग्रजी वा हिंदी असतात. चित्र राजधानीत पोचले, नाव गावीच राहिले. गोंडीत त्या माशाला मीन म्हणतात, पक्ष्याला पिट्टे, कोंबडीला कोर. हे तीन शब्द तीन ओळींत छापण्यास कोणता खर्च आला असता?

दिल्लीने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ साली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात निरनिराळ्या राज्यांतील गोंडीभाषक एकत्र बसले आणि समान शब्दकोशाच्या कामास आरंभ झाला. अनेक बैठकांनंतर २०१८ मध्ये तो कोश हंपीच्या कन्नड विद्यापीठामार्फत बाहेर पडला. सीजीनेट स्वर या, दूरध्वनीवरून गावकऱ्यांची वार्ता चालविणाऱ्या उपक्रमाचा त्यात पुढाकार होता. एका प्राण्याला चार मुलखांत चार नावे असली म्हणजे कोणते ग्राह्य धरावे, हा तंटा तेथे पदोपदी उद्भवणे स्वाभाविक होते. क्रीच्या बाबतीतही तोच पेच आहे, कारण तिच्या बोलीबोलींत एकाच ध्वनीच्या जागी कोठे य, कोठे न, कोठे ल, तर कोठे र येतो. माझे मत असे की कोशाला एक नाव निवडावे लागते, चित्रपुस्तकाला लागत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी आजी जे म्हणते तेच प्रमाण. प्रमाणभाषेचा हुकूम त्याच्यावर दहाव्या वर्षी बजावला तरी चालेल.

बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या खुल्या ग्रंथभांडाराने तर छपाईचा जुना हिशेबच मोडीत काढला. तेथील चित्रे व कथा कोणीही आपल्या भाषेत उतरवून छापावीत असा मुक्त परवाना असल्यामुळे, काळ्या प्लेटेपुरताही खर्च उरला नाही. मुंडा, कुई, सौरा आणि जुआंग या ओडिशातील भाषांतली ‘आदिकहानी’ माला, तसेच पुष्कळ गोंडी बालकथा त्यातून निपजल्या. सरकारी पातळीवर, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतून आरंभीचे शिक्षण देण्याचा आग्रह धरल्यानंतर, दिल्लीच्या श्री अरविंद मार्गावरील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानासह मार्च २०२४ मध्ये ५२ भाषांच्या प्राथमिका प्रसिद्ध केल्या. वस्तुतः प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांस सांगणारा ३५०-क हा अनुच्छेद संविधानात १९५६ पासून आहे. त्याची तामिली व्हावयास इतका विलंब लागला, तेवढ्या काळात किती भाषांतली किती पाखरे नावावाचून उडून गेली असतील, या विचाराने मन खिन्न होते.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे अधिक जुनी व अधिक खोल आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत जे काम केले, त्यातील कुरणशाळेची कल्पना मला फार मोलाची वाटते. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. मग शाळेनेच कुरणावर जावे. तेथे शिक्षिका झाडाखाली बसली म्हणजे समोर गाई, शेळ्या, बगळे आणि गवतातले किडे प्रत्यक्ष असत, आणि त्यांची नावे सांगण्याचा अधिकार मुलांकडे असे. शिक्षिकेला आधी ऐकावे लागे. अशा ऐकण्यातून जे पुस्तक निघते त्याची जात निराळी. पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ साली ग्रामसभेने स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तीही याच वंशातली मानली पाहिजे, जरी तिला सरकारदरबारी मान्यतेसाठी झगडावे लागले.

राजधानीच्या परिसरात कुरण नाही, पण घरची भाषा वेगळी असलेली मुले तेथेही आहेत. १९६९ मध्ये राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, मातीच्या ढिगाऱ्यांत मजुरांची तान्ही मुले पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केले. मोबाइल क्रेशेस ही संस्था त्यातून वाढली. आज गुरुग्राम, नोएडा, ग्रेटर नोएडा येथे इमारती बांधणारे मजूर बुंदेलखंडातून, छत्तीसगडातून, झारखंडातून येतात. त्यांच्या मुलांपैकी संताळी घरातले मूल वाघाला कुल म्हणते आणि कुत्र्याला सेता. आमच्या मेळघाटातले कोरकू मूल त्यांनाच कुला आणि सिता म्हणते. शेकडो कोसांवरची ही दोन मुले एका वाळूच्या ढिगावर खेळू लागली, तर कुत्र्याला हाक मारताना त्यांना दुभाष्या लागणार नाही. हे दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या पुरातन सोयरिकीचे फळ आहे, पण ते त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि ज्या बालवाडीत ती जातात तेथील भिंतीवर डॉग आणि टायगर एवढेच लिहिलेले असते.

चित्राविषयी एक सावधगिरी येथे नोंदविणे अवश्य आहे. टोरोंटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की प्राण्यांना माणसांसारखे बोलावयास लावणारी पुस्तके वाचलेली मुले, खऱ्या प्राण्यांनाही मानवी गुण चिकटविण्याकडे अधिक कलतात. कोट घातलेला कोल्हा कथेत शोभतो. नाव शिकविणाऱ्या पुस्तकात कोल्हा कोल्ह्यासारखा असावा, त्याचे शेपूट, त्याची चाल, त्याची वेळ खरी असावी. पंचतंत्राच्या देशात हे सांगणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु कथा आणि ओळख ही दोन कामे आहेत, आणि दिल्लीच्या अरवली टेकड्यांतील कोल्हा ज्या मुलाला कधीतरी संध्याकाळी कुंपणापलीकडे दिसणार आहे, त्याला तो ओळखता आला पाहिजे.

एक तजवीज सुचवून हे प्रकरण आटोपतो. दिल्लीत छापल्या जाणाऱ्या प्रत्येक प्राणिपुस्तकात, चित्राखालच्या छापील नावांच्या पाठोपाठ एक ओळ कोरी सोडावी. काळ्या प्लेटेवर एक रेघ वाढविण्यास खर्च शून्य. ती ओळ मुलाच्या घरी जाऊन यावी. आई, आजी किंवा गुरे राखणारा काका जे नाव सांगेल ते शिक्षिकेने देवनागरीत, किंवा त्या भाषेची स्वतःची लिपी असेल तर तीत, पेनने लिहावे. संताळीला रघुनाथ मुर्मूंची ओलचिकी आहे, गोंडीला मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली घडविलेली लिपी आहे. त्याबरोबर तो प्राणी कोठे दिसतो आणि काय करतो, याचे एक वाक्यही त्याच भाषेत घ्यावे. वर्षअखेरीस भरलेल्या प्रतींपैकी एक प्रत जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने ठेवून घ्यावी व पुढील आवृत्तीच्या मसुद्यापूर्वी ती पुस्तक न्यासाकडे वसंत कुंजला रवाना करावी. ज्या पानांवर सिंहाखालची ओळ गावोगाव कोरीच परत येईल, तेथे पुढच्या खेपेस सिंहाऐवजी कोणता प्राणी काढावयाचा, हे चित्रकाराला त्या प्रतींवरूनच ठरविता येईल.